छापील किमतीत

सातवी रांग, तेरा नंबर.
छापील किंमत अठरा युरो.
मी अठराच मागत होतो,
रीगाच्या राष्ट्रीय नाट्यगृहाच्या पायऱ्यांवर,
ट्रामचालकाचा कोट घालून,
पहिली घंटा व्हायच्या जरा आधी.
बर्फाचा चिखल बुटात शिरत होता.

पहिला आला तो दलाल. ओळखू येतात ते,
तिकिटाकडे बघतच नाहीत, तोंडाकडे बघतात.
दहा म्हणाला. मग अकरा.
म्हणाला, पडदा वर गेला की काका, याचा कागद होतो.
मी म्हटलं, होऊ दे.

मग एक जोडपं. त्यांना दोन हवी होती.
"शेजारचं कुणाकडे आहे?" बाईंनी विचारलं.

शेजारचं वेल्टाकडे आहे.
ऑगस्टमध्ये काढली होती दोन्ही, एकाच पाकिटात.
ऑक्टोबरात वाटणी झाली,
किटली तिच्याकडे गेली, शिडी माझ्याकडे,
आणि फ्रिजवरच्या चुंबकाखालून तिकिटं ओढून
तिने एक तिला, एक मला टाकलं,
पत्ते वाटावेत तसं.
आता हे जोडप्याला कशाला सांगा.
"माहीत नाही," म्हटलं.

दुसरी घंटा झाली तेव्हा ही मुलगी आली.
आग्नेसे. नाव नंतर कळलं.
मफलर नाही, हातमोजा एकच.
पायरीवरच नाणी मोजायला बसली:
सोळा युरो चाळीस.
"असू दे," म्हटलं.
"मध्ये खांब येतो का?"
"खांब नाही. शेजारी एक बाई येतील.
विनोदाच्या आधीच हसतात.
दुसऱ्या अंकात पर्स चाचपतील,
पुदिन्याची गोळी देतील. घ्या.
नाही म्हटलेलं त्यांना चालत नाही."
ती बघतच राहिली.
"मग तुम्ही का जात नाही?"
"ड्यूटी लागली."

लागली नव्हती. उल्डिसकडून मागून घेतली होती,
बदल्यात नाताळची सकाळ त्याला देऊन.

पाच नंबर त्या रस्त्यानेच जाते.
पहिल्या फेरीला वाटलं, आता हसली असेल.
दुसऱ्या फेरीला, मध्यंतर,
आता रांगेत उभी राहून कॉफीला नावं ठेवत असेल.
मग पुलावर एकदम: पर्स!
ब्रेक जरा जोरातच लागला.
मागून कुणीतरी माझ्या आईची आठवण काढली.

नाटक सुटलं. स्टॉपवर गर्दी.
हिरवी टोपी शोधत मी दारं हवी त्याहून जास्त वेळ
उघडी ठेवली. थंडी आत आली, टोपी नाही.

इल्गुत्सिएम्सला, शेवटच्या स्टॉपवर, सगळे उतरले.
काचेवर टकटक. एकाच हातमोज्याची.

"त्या बाई आल्याच नाहीत," म्हणाली.
"बारा नंबरवर एक मुलगा होता.
त्यानेही बाहेरच घेतलं, मागच्या दाराशी, कुणा बाईंकडून.
त्यांनी त्याला बजावलं होतं,
शेजारी एक गृहस्थ येतील, दुसऱ्या अंकात झोपतील,
झोपू दे. घोरले तरच कोपर मार."

मी आरसा पुसला. तो स्वच्छच होता.
"त्यांना का नाही जमलं?"
"ड्यूटी लागली म्हणे."

वेल्टा जूनमध्ये निवृत्त झाली.
निरोपाचा केक मीच उचलून नेला होता, दोन जिने.

"केवढ्याला दिलं त्यांनी?"
"बावीस."

घासाघिशीत मी तिच्या पासंगालाही
कधी पुरलो नाही.

आग्नेसे उतरता उतरता थांबली.
"एक सांगू? दुसऱ्या अंकात मलाच झोप लागली.
दिवसभर उभं राहायचं काम आहे माझं."
"मग?"
"त्याने कोपर मारलं नाही."

ती गेली. परतीची फेरी दहा बेचाळीसची,
अजून आठ मिनिटं होती.
आतले दिवे मी घालवले नाहीत.
खिशात सोळा युरो चाळीस,
सगळी चिल्लर.